दोनदा विचारणारी चौकट

सोमवार, ५ मे

आले एकदाची ब्रनोला. दोन बॅगा, आईच्या हातची जिरेनियमची कुंडी आणि आईनेच बळेबळे कोंबलेली आंबवलेल्या काकड्यांची बरणी. बरणीचं पाणी गाडीत माझ्या सगळ्या मोज्यांवर सांडलं. तरी मन प्रसन्न आहे. नवी नोकरी, नवी वही, नवं पेन. रोजनिशी लिहायची खोड मला शाळेपासूनची. मागे जाऊन वाचायची मात्र नाही. वाचलं की फाडावंसं वाटतं, म्हणून वाचतच नाही.

ऑफिस जुन्या कापडगिरणीत आहे. दारातच जोड्यांची मांडणी. बाहेरचे जोडे तिथे काढायचे आणि घरून आणलेल्या सपाता घालून दिवसभर वावरायचं. आणि मी शहाणी नेमक्या सपाताच विसरले. काकडीच्या वासाच्या मोज्यांवर उभी राहून साहेबांशी हात मिळवला. समोरच्या टेबलावर नॉर्बर्ट नावाचा दाराएवढा माणूस बसतो. त्याने कपाटातून पाहुण्यांच्या सपाता काढून दिल्या आणि म्हणाला की ओपावाकडच्यांची चोच आखूड असते (आमच्या गावाकडे स्वर आखूड बोलतात, त्यावरून सगळे असंच चिडवतात) हे ऐकून होतो, आठवणही आखूड असते हे आज कळलं. त्याच्या स्वतःच्या सपाता नमद्याच्या, टाचा चेंगरलेल्या, उजवीला लाल ठिगळ. मी म्हटलं, आधी स्वतःचे पाय बघ. खूश झाला. कुंडी माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीत ठेवली.

आम्ही फुकट वाटली जाणारी संगणकप्रणाली बनवतो. ती यंत्रावर चढवणारा जो प्रोग्रॅम, इन्स्टॉलर, तो जुनं पुसतो आणि नवं बसवतो. आमचा इन्स्टॉलर मुळात एक वेबपान आहे, ब्राउझरमध्ये उघडणारं. ते वेबपान आहे हे कुणालाही कळता कामा नये, हेच माझं काम. दालिबोर, म्हणजे आमचा साहेब, म्हणाला की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे याच यंत्रावर जन्मलंय.

तीन महिने मला पारखून बघणार आहेत. पण दालिबोरने शब्द दिलाय की काम आवडलं तर जूनअखेरच पक्की करून टाकेन. मग घरमालकीण व्रबोवाबाई दोन्ही खोल्या माझ्या नावावर करतील आणि शाळा संपली की टोंका माझ्याकडे येईल, कायमची. नाहीतर ती आईकडेच राहणार आणि मी शनिवार-रविवारची पाहुणी. तिच्या बापाबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय. टोंका सात वर्षांची आहे, समोरचे दोन दात पडलेत, आणि फोनवर फुसफुस करत विचारते की माझी खोली कुठल्या रंगाची. स्टेशनातून येताना तिच्यासाठी बेडकाच्या हिरव्या सपाता घेतल्या, डोळे वर आलेल्या. दाराशी, माझ्या बुटांशेजारी ठेवल्यात. स्वतःला घ्यायच्या विसरले आणि लेकीला घेतल्या.

शुक्रवार, ९ मे

वेबपानाच्या खोड्या मोडणं म्हणजे नव्या सुनेला सासरचं वळण लावणं. उघडताना पांढरा झबका मारतं, तो घालवला. बटणावर माउस नेला की बाणाचा पंजा होतो, तो घालवला. ओळीवर बोट घसरलं की अक्षरं निळी होतात, उजव्या टिचकीला भलतीच यादी लटकते, ते सगळं गेलं. एकेक खोड गेली की यंत्राने ते पान थोडं आणखी आपलंसं केल्यासारखं वाटतं. छान काम आहे. मला असलं किडूकमिडूक करायला आवडतं.

एकच गोष्ट उरली. ‘पुसा आणि बसवा’ हे शेवटचं बटण दाबलं की ब्राउझरची राखाडी चौकट टपकन वर येते आणि विचारते, खरंच पुसायचं? हो, नाही. दिसायला अगदी चामखीळ. दालिबोर म्हणतो, तिच्यामुळे सगळं सोंग उघडं पडतं, काढ. ती नॉर्बर्टने घातलीये आणि तो ऐकत नाही. पुसायचं काम दोनदा विचारूनच करायचं, म्हणतो. मी म्हटलं, अरे पण इतकी कुरूप? तर म्हणे, म्हणूनच. पाहुणा पार घरचा झाला की घरच्या माणसाला ओसरीवर झोपावं लागतं.

आमचा आणखी एक सहकारी आहे, वेंदेलिन. माणूस नव्हे, चाचणी घेणारा प्रोग्रॅम. आपण काहीही बदल पाठवला की तो आधी जुनी प्रत चालवतो, मग नवी, शेवटच्या बटणापर्यंत, आणि दोन्हींची चित्रं ताडून बघतो. चौकट आली की ‘नाही’ म्हणायचं, हे त्याला नॉर्बर्टने शिकवून ठेवलंय.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर प्रत्येक तारखेला एकेक नाव छापलेलं आहे, आणि ज्याचा नावाचा दिवस त्याला वाढदिवसासारखा खाऊ आणायचा; म्हणून आपल्या माणसांच्या नावांना आधीच गोल करायचा, म्हणजे विसरलो म्हणून आयत्या वेळी कुणाला तोंड लपवावं लागत नाही. जूनचं पान उलटून सहाला नॉर्बर्टचा गोल केला. खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, नको म्हणाला, दातात अडकते, आलुबुखाराचे आण. बाराला आंतोनिये, म्हणजे माझी टोंका. तिचाही केला. ती ऑफिसात नसली म्हणून काय झालं.

गुरुवार, १५ मे

आज मजाच झाली. म्हणजे मजा म्हणावी की नाही कळत नाही.

डिस्कची यादी दाखवताना आमचा इन्स्टॉलर अक्षरं-आकड्यांची बाराखडी फेकतो. साध्या माणसाला काय कळणार त्यातलं? म्हणून मी असं लिहिलं की यंत्रालाच विचारायचं, ही कुणाची, कुठली, आणि घरात म्हणतात तसं नाव दाखवायचं. रिकाम्या चाचणीयंत्रावर चालवून बघितलं. यादीत एकच ओळ आली: ‘खिडकीतली कुंडी, बोहदानाची. इथे आधीपासून काही आहे. नव्याला जागा हवी.’

बोहदाना मीच, म्हणून नॉर्बर्टकडे बघून हसले. थट्टा त्याचीच असणार. बटण दाबलं. चौकटीने विचारलं, खरंच पुसायचं? म्हटलं, हो बाबा, हो.

मान वर केली तर खिडकी मोकळी. कुंडीखालचा पाण्याचा गोल डाग तेवढा आहे. मी म्हटलं, पुरे, आण माझी कुंडी. नॉर्बर्ट म्हणाला की तू आलीस तेव्हा दोन बॅगा होत्या आणि एक बरणी, कुंडी कसली? चेहरा खरा होता. आईला फोन केला. तिनेच कलम लावलं होतं, माझ्या बाळंतपणात. ती म्हणाली, मी कधी जिरेनियम लावलं, मला त्याच्या वासाने शिंका येतात.

मंगळवार, २० मे

इन्स्टॉलर आता फार देखणा झालाय. नजर हटत नाही. वेबपान कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं, मलाच सांगता येत नाही, आणि ते माझ्याच हातचं आहे. दालिबोर दोनदा येऊन बघून गेला.

दुपारी यादीत ओळ आली: ‘नॉर्बर्ट, समोरचं टेबल. जागा अपुरी.’ बोटाला सवय लागलेली, बोटाने बटण दाबलंच. राखाडी चौकट टपकली. खरंच पुसायचं? मी ‘नाही’ दाबलं. नॉर्बर्ट समोर बसून सफरचंद खात होता.

त्याला सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसला नाही. सफरचंद खाली ठेवून म्हणाला की तुझ्या खुर्चीवर राडाना नावाची मुलगी बसायची, मस्त शीळ घालायची. एकदा यादीतल्या त्या बाराखडीत मध्येच तिचं नाव आलं आणि त्याने गंमत म्हणून दाबलं. तेव्हा चौकट नव्हती. दुसऱ्या दिवशी इथे कुणालाच राडाना आठवेना. तिच्या सख्ख्या भावालाही नाही. फक्त दाबणाऱ्याला आठवतं, म्हणाला. चौकट त्याने त्यानंतर घातली. मी विचारलं, मग तू नोकरी सोडून का नाही गेलास? तो म्हणाला, मी गेलो तर चौकट दुसऱ्याच दिवशी काढतील.

आज त्याने एकदाही चोचीवरून चिडवलं नाही. मला भीती वाटते.

मंगळवार, २७ मे

नॉर्बर्ट गुरुवारपर्यंत त्याच्या जंगलातल्या झोपडीवर गेलाय. वसंतात तिचं छप्पर दुरुस्त करतो, तिथे फोन लागत नाही. दालिबोरने नेमकं आजच मला आत बोलावलं. सोमवारी प्रत बाहेर पडायची आहे, म्हणाला, आणि ती चामखीळ अजून तिथेच. ज्याला एक चौकट काढता येत नाही त्याला मी पक्का कसा करू? आवाज चढवला नाही. दालिबोर कधीच चढवत नाही.

मी टोंकाचा विचार केला. दुसरा कसलाच केला नाही, हे इथे लिहून ठेवते.

चौकट काढली. चार ओळी. मीच पाठवल्या. वेंदेलिन चालवेल, पण रिकाम्या यंत्रावर, आणि त्याला दाबायला सांगणारी मी नाही. काही होणार नाही. गुरुवारी नॉर्बर्ट आला की त्याला सांगेन. ओरडेल. ओरडू दे.

शुक्रवार, ३० मे

दालिबोर खूश. सगळ्यांसमोर म्हणाला की आता वाटतं हे इथलंच. बाहेर काढायचा दिवस पुढच्या सोमवारवर ढकललाय, पण माझ्यामुळे नाही.

समोरचं टेबल मी आल्यापासून रिकामंच आहे, म्हणून माझे कप तिकडे ठेवायला लागले. खाली कुणाच्या तरी नमद्याच्या सपाता पडल्यात, केवढ्या मोठ्या, एकीला लाल ठिगळ. दालिबोर म्हणाला, पाहुण्यांच्या असतील. पाहुण्यांच्या तर माझ्या पायात आहेत.

टोंका नावाच्या दिवसाला येणार. आई बाराला, गुरुवारी सकाळी गाडीत बसवून देईल, मी स्टेशनवर घेईन. स्ट्रॉबेरीचा केक सांगायला हवा.

सोमवार, २ जून

कॅलेंडराचं पान उलटलं. सहा तारखेला नॉर्बर्टच्या नावाला गोल. बाजूला बारीक अक्षरात: ‘खसखस नको, दातात अडकते. आलुबुखाराचे.’

अक्षर माझं आहे.

मी कुणा नॉर्बर्टला ओळखत नाही. सगळ्यांना विचारलं. कुणीच ओळखत नाही. पण कुणाच्या दातात खसखस अडकते हे मला माहीत होतं, आणि मी ते प्रेमाने लिहिलंय, हे अक्षरावरून दिसतं. खाली बाराला टोंकाचा गोल आहे. तो केल्याचं आठवतं. वरचा आठवत नाही. पेन तेच.

ठिगळाच्या सपाता उचलून बघितल्या. आतून अंगठ्यांचे खड्डे पडलेले. वर्षानुवर्षं कुणीतरी इथे चाललंय.

कुंडी मी दाबून घालवली. मला आठवते, आईला नाही. मग जे वेंदेलिनने दाबलं, ते आठवायला कोण उरलं?

मागची पानं उघडून बघावीत का? नको. तो तिथे असला तर मी वेडी नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

मंगळवार, ३ जून

नुसतं उघडून बघितलं. दाबायचं नाही म्हणून उजवा हात मांडीखाली घेतला होता.

‘आंतोनिये, ओपावा. जागा पुरेल.’

वायर उपटली. जिन्यात उभं राहून आईला फोन लावला. टोंका आली फोनवर. आहे. आहे माझी. बेडकाच्या डोळ्यांत खुळखुळा आहे का, विचारत होती. मी म्हटलं, तू येऊन बघ. मी बाहीला नाक पुसलं. आई म्हणाली, सर्दी झाली का तुला?

बुधवार, ४ जून

आज दालिबोरचा नावाचा दिवस. टेबलावर बाटली, सगळ्यांच्या हातात छोटे पेले. मी म्हटलं, वेंदेलिन बंद कर. तो म्हणाला, पेला घे. मी म्हटलं, आजच्या आज बंद कर, माझ्या मुलीचा प्रश्न आहे. तो शांतपणे म्हणाला की वेंदेलिन कुणासाठी थांबत नाही. तुला चौकट परत हवी असेल तर लिही, पाठव, मी हरकत घेत नाही. आज मी कुणाला नाही म्हणत नाही.

लिहिली. त्याच चार ओळी, वेंदेलिनला ‘नाही’ शिकवण्यासकट. कुरूप, राखाडी, दोनदा विचारणारी. इतकी सुंदर वाटली मला ती.

पाठवली. झालं. आता कुणी न विचारता पुसू शकणार नाही. जीव भांड्यात पडला. बाराला टोंका —

थांब. वेंदेलिन बदल घेतो तेव्हा आधी जुनी प्रत चालवतो. ताडून बघायला. आधी जुनी. शेवटच्या बटणापर्यंत. जुनीत चौकट नाही —

परत घेता येत नाहीये. हिरवा दिवा लागलाय. टोंका. टोंका. टोंका. आंतोनिये. सात वर्षं. लिहून ठेवते, लिहीत राहते, टों

शुक्रवार, ६ जून

चौकट परत आली. सगळं ठीक चाललंय. दालिबोर नाराज नाही, सोमवारी प्रत बाहेर पडेल, आणि मी पक्की झाले. चौकटीसाठी बुधवारी एवढा तमाशा का केला, मला नीट सांगता येत नाही. पेल्याचा परिणाम असेल. मी प्यायले होते का?

आलुबुखाराचे कोलाचे आणले. कुणासाठी ते माहीत नाही, पण आणले. समोरच्या टेबलावर ठेवले.

व्रबोवाबाई दोन्ही खोल्यांचे कागद घेऊन आल्या. मी म्हटलं, मला एकटीला दुसरी खोली कशाला? त्या म्हणाल्या, तुम्हीच तर मागितली. दाराशी माझ्या बुटांना खेटून लहान मुलाच्या सपाता आहेत, बेडकाच्या. आधीच्या भाडेकरूच्या का, विचारलं. नाही म्हणाल्या. कोऱ्या आहेत, चिठ्ठीही काढलेली नाही. टाकून द्यायला गेले, टाकवल्या नाहीत. परत तिथेच ठेवल्या.

सोमवार, ९ जून

आईचा फोन. दुपारी दोन ताटं मांडते आणि मग दुसऱ्याकडे बघत बसते, म्हणाली. रडत होती. का ते तिलाही कळेना. मीही रडले.

यादी बघितली. रिकामी आहे. इन्स्टॉलर उघडा ठेवला की खोलीत कुणीतरी निवांत बसल्यासारखं वाटतं.

गुरुवार, १२ जून

सकाळी पाय आपोआप स्टेशनकडे गेले. ओपावाची गाडी आली. सगळे उतरून गेले. मी उभीच. कुणाला घ्यायला?

परत येताना बेकरीवाल्याने हाक मारली. माझ्या नावाने केक तयार आहे म्हणाला. स्ट्रॉबेरीचा.

कॅलेंडर. बारा. आंतोनिये. गोल. शेजारी छोटं बदाम काढलंय. माझं अक्षर. तेच पेन.

सहाचा गोल. बाराचा गोल. पहिला असाच होता — तेव्हाही मला —

सपाता. लहान. दुसरी खोली. आईचं दुसरं ताट.

माझं कुणीतरी होतं. कोण? इतकं माझं की मी बदाम काढलं, आणि मला तिचा चेहरा — तिचा म्हणतेय मी. मुलगी. चेहरा नाही. काहीच नाही. नुसती जागा.

वही. वहीत असेल. मी कधी मागे वाचत नाही. हात धजत नाही. असली तर — आणि नसली तर —

उलटते.

पहिलं पान. बॅगा. कुंडी. काकड्या. कुणीतरी नॉर्बर्ट. खाली बेडकाच्या सपाता. लेकीला. लेकीला. सात वर्षांची, समोरचे दोन दात